कामावरून बेकायदा कमी केलं? मुंबईतल्या सरकारी, पालिका आणि उपक्रमांतल्या कामगारांचे भरपाईबद्दलचे प्रश्न

महापालिका, एसटी, बंदर, राष्ट्रीयीकृत बँका, राज्य सरकारची खाती, महामंडळं अशा ठिकाणी काम करणाऱ्या आणि एका सकाळी हजेरी नाकारली गेलेल्या लोकांसाठी हे पान आहे. युनियनच्या टेबलावर हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या प्रकरणाचा निकाल तुमच्याकडच्या कागदांवर आणि तारखांवर ठरेल, त्यामुळे वाचून झालं की घरातली फाइल काढा.

"उद्यापासून येऊ नकोस" असं मुकादमानं तोंडी सांगितलं. पत्र काहीच नाही. मग मला काढलं असं म्हणता येतं का?

येतं. सेवा संपवायला पत्रच लागतं असं नाही. स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९७६ मध्ये आणि पुढे घटनापीठानं १९९० मध्ये हेच धरलं, की शिक्षा म्हणून काढणं आणि कायद्यातच दिलेले मोजके अपवाद सोडले, तर मालकानं कोणत्याही कारणानं सेवा संपवली की ती कपात, म्हणजे कायद्याच्या भाषेत कामगार कमी करणं, ठरते. "काम संपलं", "निधी नाही", "वरून आदेश आलाय" ही कारणं झाली. त्यांनी कपातीचं स्वरूप बदलत नाही.

अडचण दुसरीच असते. सहा महिन्यांनी कोर्टात खात्याचा वकील उभा राहून सांगतो, "याला कोणी काढलं नाही, हाच यायचा बंद झाला." नव्वद टक्के वेळा असंच होतं, असं आकडा लावून नाही म्हणणार, पण इतक्या वेळा होतं की आता आश्चर्य वाटत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी चौकीवर किंवा गेटवर जा. हजेरी मिळाली नाही तर त्याच दिवशी खात्याला साधं पत्र लिहा: अमुक तारखेला अमुक वाजता मी कामावर हजर झालो, मला काम दिलं नाही, मी कामावर यायला तयार आहे. एक प्रत वॉर्ड कार्यालयाच्या आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या, दुसरी स्पीड पोस्टनं पाठवा. मुकादमाला व्हॉट्सअ‍ॅप केला असेल तर तो मेसेज पुसू नका. मोबाइल बदलणार असाल तर आधी छापून ठेवा.

कपात बेकायदा नेमकी कधी ठरते?

सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचं तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफप्रमाणे (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे आहे) दोन गोष्टी आधी व्हाव्या लागतात: एक महिन्याची लेखी, कारण सांगणारी नोटीस (किंवा तिच्याबदली महिन्याचा पगार) आणि भरपाईची रक्कम. ही रक्कम कमी करतानाच हातात पडली पाहिजे. नंतर बिल पास होईल तेव्हा देऊ, हे चालत नाही. सरकारला कळवण्याची तिसरीही अट आहे, पण ती चुकली एवढ्यावरून कपात आपोआप कोसळत नाही.

हा नियम सरकारलाही लागू होतो हे मुंबईतल्याच एका खटल्यात पक्कं झालं. जे. जे. रुग्णालय समूहातल्या दोन वॉर्ड सेविकांना कमी केलं होतं, दुसऱ्या खात्यातल्या कमी केलेल्या माणसांना जागा करून देण्यासाठी. भरपाई दिली नव्हती. सरकार म्हणालं, रुग्णालय म्हणजे काही उद्योग नव्हे, हा कायदा आम्हाला लागत नाही. हॉस्पिटल मजदूर सभा लढली आणि २९ जानेवारी १९६० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रुग्णालय हा उद्योग आहे आणि भरपाई न देता केलेली कपात अवैध आहे. साठ वर्षं उलटून गेली, तरी अजून एखादा प्रशासकीय अधिकारी "आम्ही सरकार आहोत, आम्हाला लेबर लॉ लागत नाही" असं ठणकावतो. त्याच्याशी वाद घालत बसू नका. तो वाद कोर्टात करायचा.

कपात आणखी दोन ठिकाणी अडते. शेवटी आलेला आधी जातो, हे कलम २५-जी. तुमच्यानंतर लागलेला माणूस अजून कामावर असेल आणि तुम्हाला काढलं असेल, तर खात्याला त्याचं कारण नोंदवावं लागतं. आणि नंतर पुन्हा भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी बोलवायचं, हे कलम २५-एच (नव्या संहितेत मात्र कमी केल्यापासून एका वर्षातल्या भरतीपुरतंच). ही दोन्ही कलमं लोक विसरतात. पुढे दिसेल की नोकरी परत मिळण्यात त्यांचाच वाटा मोठा असतो.

मुदत किती?

मार्गाप्रमाणे वेगवेगळी, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाखाली, तक्रार ९० दिवसांत दाखल करायची. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण द्यावं लागतं. "साहेब बघतो म्हणाले होते" हे कारण न्यायाधीशांनी खूप वेळा ऐकलेलं असतं.

समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज केला आणि ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगार स्वतः थेट न्यायालयात जाऊ शकतो. १९४७ च्या कायद्यात ही मुदत काढल्याच्या तारखेपासून तीन वर्षं होती. २१ नोव्हेंबर २०२५ ला औद्योगिक संबंध संहिता, २०२० अंमलात आली. तिच्यात ती दोन वर्षं आहे. तेव्हा तुम्हाला कोणत्या तारखेला काढलं ते पहिल्या पानावर ठळक लिहा, वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. संहितेनं रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत १९७१ चा आपला कायदा नाही. पण नव्या संहितेशी त्याचा मेळ कसा घालायचा यावर युक्तिवाद होणारच, म्हणून ९० दिवसांची मुदत हीच आपली मुदत समजून चाला.

मॅट किंवा कॅटमध्ये, म्हणजे राज्याच्या किंवा केंद्राच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायचं असेल तर आदेशापासून एक वर्ष. आधी खात्याकडे अपील किंवा निवेदन दिलं असेल आणि उत्तरच आलं नाही, तर सहा महिने वाट पाहून त्यापुढे एक वर्ष.

मी नेमकं कोणाच्या दारात जायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कारण प्रत्येकाचा मालक वेगळा असतो.

महापालिका, एसटी महामंडळ, राज्याची इतर महामंडळं यांतले कामगार राज्याच्या यंत्रणेकडे जातात. समेटासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. १९७१ च्या कायद्याखाली सूडबुद्धीनं किंवा खोट्या कारणानं कामावरून काढल्याची तक्रार असेल तर कामगार न्यायालय, आणि वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवल्याची किंवा मर्जीतल्यांना झुकतं माप दिल्याची तक्रार असेल तर औद्योगिक न्यायालय. एकाच गोष्टीसाठी दोन्ही कायद्यांचे मार्ग एकदम धरता येत नाहीत. एक निवडला की दुसरा बंद, म्हणून निवड घाईनं करू नका. १९७१ च्या कायद्यात अंतरिम आदेश लवकर मागता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

राष्ट्रीयीकृत बँका, विमा कंपन्या, मुंबई बंदर, ५१ टक्के किंवा अधिक भांडवल केंद्राचं असलेल्या कंपन्या: यांचा समेट सायनच्या श्रम रक्षा भवनात, केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे, आणि पुढे केंद्र सरकारचं औद्योगिक न्यायाधिकरण. इथल्या कामगारांना १९७१ चा राज्याचा कायदा उपयोगी नाही. कामगार भवनात चार महिने चकरा मारून झाल्यावर हे कळलेले बँकेचे शिपाई आम्ही पाहिलेत.

राज्य सरकारचे नियमित कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जातात. केंद्राचे आणि रेल्वेचे नियमित कर्मचारी कॅटमध्ये. मात्र सरकारी खात्यातले रोजंदारीवाले "कामगार" या व्याख्येत बसत असतील तर त्यांना कामगार न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे. न्यायाधिकरणांच्या १९८५ च्या कायद्यानंच तो मोकळा ठेवलाय.

कारकून, ड्रायव्हर, तंत्रज्ञ, सफाई कामगार, माळी हे सगळे "कामगार". पर्यवेक्षकाचं काम असेल तर पगाराची मर्यादा बघायची: जुन्या कायद्यात महिना १०,००० रुपये, नव्या संहितेत १८,०००. पदनामाला किंमत नाही, रोज प्रत्यक्ष काय काम करता ते बघतात. नावानं "सुपरवायझर" पण दिवसभर वह्या भरतो, असा माणूस कामगारच. खरे व्यवस्थापक आणि अधिकारी मात्र बाहेर, त्यांना हायकोर्टात रिट याचिका करावी लागते.

एक सावधगिरी: उपक्रमाचं खासगीकरण झालं असेल तर रिटचा रस्ता बंद होऊ शकतो. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खासगी झाली. कर्मचाऱ्यांनी त्याआधीच दाखल केलेल्या याचिकाही आता चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये म्हटलं.

२४० दिवस म्हणजे काय? आमच्या ऑर्डरी २९-२९ दिवसांच्या होत्या.

काढल्याच्या तारखेपासून मागे बारा महिने मोजायचे. जानेवारी ते डिसेंबर नाही, एप्रिल ते मार्चही नाही. त्या बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम भरलं तर कायद्याच्या नजरेत एक वर्षाची सलग सेवा झाली.

आता २९ दिवसांच्या ऑर्डरीचं गणित. मध्ये खंड घालून वर्षभरात नऊ ऑर्डरी झाल्या, तर त्यांचे २६१ दिवस होतात, म्हणजे २४० च्या वर. पण खातं रविवार वजा करून दाखवतं आणि आकडा साधारण २२४ वर आणतं. इथेच केस पलटते. पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणाच्या सुट्ट्या या २४० मध्ये धरायच्या, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात ठरवलंय. म्हणून रविवारचा पगार मिळत होता का, हे पगारपत्रकावरून शोधा. मिळत नसेल तर दहावी ऑर्डर होती का ते बघा. दहा ऑर्डरींचे रविवार वगळूनही जवळपास २४९ उरतात.

भरपगारी रजा, कामावरच्या अपघातामुळे घरी बसावं लागलेले दिवस आणि बाळंतपणाची रजा कायद्यानं घातलेल्या मर्यादेत धरली जाते. माणसाला कायम करावं लागू नये म्हणून खंड पाडत वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली स्वतंत्र अनुचित प्रथा आहे. खंडाचा कागद म्हणून फाडून टाकू नका. तो तुमचाच पुरावा आहे.

हे २४० दिवस सिद्ध कोणी करायचे?

सुरुवात तुम्ही करायची. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सांगितलं की नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. २००५ मध्ये त्यात भर घातली: रोजंदारीच्या माणसाकडे नेमणूकपत्र कुठून असणार, त्यानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन सांगावं आणि मालकाकडून मस्टर मागवावं. मागवूनही खात्यानं दिलं नाही तर कोर्ट खात्याविरुद्ध अनुमान काढू शकतं.

म्हणून मस्टर, वेतनपत्रकं आणि तुमच्या मागे-पुढे लागलेल्यांची ज्येष्ठता यादी माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून साधा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे तक्रारीची कहाणी लिहू नका, कोणत्या चौकीचं कोणत्या महिन्याचं मस्टर एवढंच लिहा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. शिवाय बँक पासबुक, भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक, ओळखपत्र, गणवेशाची पावती, निवडणूक किंवा पल्स पोलिओच्या कामाला पाठवल्याचं पत्र, काहीही चालतं. एका माळीकाकांना खत उचलल्याच्या पावत्यांवरच्या त्यांच्या सह्या उपयोगी पडल्या होत्या.

भरपाई म्हणजे किती पैसे?

भरपाई म्हणून लोक तीन वेगवेगळ्या रकमा एकत्र बोलतात आणि मग घरी भांडणं होतात. त्या वेगळ्या करून बघा.

पहिली, कपातीची कायदेशीर भरपाई. प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि वरचे महिने सहाहून जास्त असतील तर ते एक वर्ष धरायचं. महिना पगारवाल्याची सरासरी शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांची. समजा सरासरी पगार २४,००० आणि सेवा ११ वर्षं ७ महिने. १५ दिवसांचे १२,०००, गुणिले १२ वर्षं, झाले १,४४,०००. नोटीस दिली नसेल तर आणखी एक महिना, २४,०००. एकूण १,६८,०००. इथे २६ नं भागायचं नाही. ते सूत्र ग्रॅच्युइटीचं, कपातीच्या भरपाईला ते लागत नाही हे सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये स्पष्ट केलंय. नव्या संहितेखालच्या कपातीत वेतनाची व्याख्या बदललेली आहे, तेव्हा कोणते भत्ते धरले ते तपासून घ्या.

दुसरी रक्कम मागील पगाराची. कपात बेकायदा ठरली तर काढल्यापासून परत घेईपर्यंतचा पगार, पूर्ण किंवा अंशतः. मोठा आकडा इथे असतो.

तिसरी, नोकरी परत देण्याऐवजी कोर्ट ठरवतं ती एकरकमी भरपाई. तिचं सूत्र नाही. सेवा किती वर्षांची, नेमणूक कशी झाली होती, वय काय, खटला किती चालला, हे बघून न्यायाधीश ठरवतात.

ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि भविष्यनिर्वाह निधी या तिन्हींत येत नाहीत. ते तुमचे कमावलेले पैसे. वरच्याच माणसाचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता २०,००० असेल तर ग्रॅच्युइटी होते २०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १२, म्हणजे सुमारे १,३८,४६२ रुपये. "एवढी भरपाई दिली की" असं सांगत ग्रॅच्युइटीचाच आकडा पुढे करणारे हिशेबनीस असतात, कागदावरचं शीर्षक वाचा.

चेक दिलाय. घेऊ की परत करू?

घ्या, पण सही करताना "हक्क राखून, निषेधासह स्वीकारले" असं स्वतःच्या अक्षरात लिहा. "पूर्ण व अंतिम, यापुढे कोणतीही तक्रार नाही" अशा छापील कागदावर सही करू नका. त्या टेबलावर घाई करतात, पाणी देतात, "सगळ्यांनी केली" म्हणतात. कागद घरी नेऊन वाचतो म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे.

नोकरी परत मिळते की नुसते पैसे?

या पानावरचा हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि याचं उत्तर तुम्ही कसे लागला होतात यावर आहे.

रीतसर जाहिरात, निवड, मंजूर पद असं असेल तर बाजू भक्कम. औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये म्हटलं की बेकायदा काढलेल्याला सेवासातत्य आणि मागील पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम. हायकोर्टानं त्या बाईंचा मागील पगार काढून घेतला होता, तो सुप्रीम कोर्टानं परत दिला.

रोजंदारीवर, परीक्षेशिवाय लागलेल्यांचं चित्र वेगळं आहे. २००६ च्या उमादेवी निकालानंतर मागच्या दारानं आलेल्याला कायम करता येत नाही हे प्रत्येक खात्याच्या वकिलाला पाठ झालंय. २०१३ च्या डिसेंबरात बीएसएनएलच्या एका रोजंदारी लाइनमनची कपात बेकायदा ठरूनही सुप्रीम कोर्टानं नोकरी दिली नाही, ३ लाख रुपये दिले. पंधराएक वर्षं काम केलेल्या माणसाला तीन लाख. हा निकाल आम्हाला कधीच पटला नाही, पण तो आहे.

तरी त्याच निकालात एक खिडकी उघडी आहे, आणि खात्याचा वकील ती वाचून दाखवत नाही. कपात ही अनुचित प्रथा असेल, किंवा तुमच्यापेक्षा नंतर आलेल्यांना ठेवून तुम्हाला काढलं असेल, किंवा त्यांना कायम केलं असेल, तर रोजंदारीवाल्यालाही परत घेणं हाच नियम असावा असं कोर्टानं तिथेच म्हटलंय. म्हणून आम्ही ज्येष्ठता यादीच्या मागे लागतो. पाच कनिष्ठांची नावं आणि त्यांच्या रुजू तारखा दाखवता आल्या तर केसचा नूर बदलतो. तक्रारीत ही बाब सुरुवातीलाच मांडा. हायकोर्टात पोचल्यावर आठवली तर उशीर झालेला असतो. एसटी महामंडळाच्या कामगारांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये हेही सांगितलं की उमादेवी निकालानं आपल्या १९७१ च्या कायद्याखालच्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतलेले नाहीत. आणि जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांना परत घेऊन निम्मा मागील पगार द्यायला सुप्रीम कोर्टानं सांगितलं. वारा थोडा बदललाय.

आमचं मत विचाराल तर: वय पन्नाशीच्या आत, मंजूर पद किंवा कनिष्ठ कामावर असल्याचा पुरावा, घर कसंबसं चालू शकतं, तर नोकरीसाठी लढा. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असतील आणि खातं तडजोडीला तयार असेल तर चांगल्या रकमेवर बोलायला लाज वाटू देऊ नका. त्यात हार नाही.

केस चालू असताना दुसरं काम केलं तर मागील पगार बुडतो का?

पोटासाठी मिळेल ते काम केलं म्हणून सगळा बुडत नाही, पण कमाई वजा होऊ शकते. तुम्ही प्रतिज्ञापत्रात सांगायचं की बेकार आहे किंवा इतकीच कमाई होते. मग तुम्ही चांगलं कमावत होतात हे सिद्ध करणं खात्याच्या माथी. खोटं मात्र सांगू नका. रिक्षाचा परमिट, दुकानाचा परवाना, भविष्यनिर्वाह निधीचा नवा मालक, सगळं निघतं.

मी महापालिकेत काम करायचो, पण पगार कंत्राटदाराचा.

मग खातं म्हणणार, आम्ही तुझे मालकच नाही. २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालानंतर कंत्राट पद्धत बंद झाली म्हणून आपोआप मुख्य मालकाकडे नोकरी लागत नाही. कंत्राट निव्वळ दिखाऊ आहे, हुकूम पालिकेचाच चालायचा, हजेरी पालिकेचाच माणूस घ्यायचा, हे सिद्ध करावं लागतं. आणि मालक कोण हाच वाद असेल तर १९७१ च्या कायद्याखालची तक्रार टिकत नाही, २००१ च्याच सिप्लाच्या निकालानं ते ठरलं. आधी औद्योगिक न्यायाधिकरणातून मालक कोण ते ठरवून घ्यायचं. भाडेतत्त्वावरच्या बसगाड्यांवरचे ड्रायव्हर, रुग्णालयातले वॉर्डबॉय, सगळे इथेच अडकतात.

अशक्य मात्र नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश कायम ठेवला. त्यानंतरही नावांच्या नोंदींतल्या फरकांवरून कित्येकांची नेमणूक अडकली. आधार, पॅन, बँक, निधीचं खातं यांत तुमचं नाव आणि आडनाव एकसारखं आहे का, आजच बघा.

कंत्राटदार ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरत असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली बेकारीत ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के भत्ता मिळू शकतो. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे शाखा कार्यालयात आधी विचारा.

अकरा महिन्यांचा करार संपला, नवा दिला नाही.

१९८४ पासून कायद्यात अपवाद आहे: ठरावीक मुदतीचा करार संपणं म्हणजे कपात नाही. पण काम कायमस्वरूपी असून आठ-आठ वर्षं अकरा महिन्यांचे करार चालले असतील तर हा अपवाद आडोसा म्हणून वापरलाय असं म्हणता येतं. सोपी केस नाही. सगळे करार हातात असतील तरच उतरा.

मी कायम कर्मचारी आहे. आरोप ठेवून थेट बडतर्फ केलं.

ही कपात नव्हे, शिक्षा. इथे विभागीय चौकशी झाली का, आरोपपत्र मिळालं का, बचावाची संधी दिली का हे प्रश्न. सरकारी नोकरांना घटनेच्या कलम ३११ चं संरक्षण आहे, पालिका-महामंडळांत त्यांचे सेवानियम. १५ दिवसांच्या भरपाईचा हिशेब इथे लागू नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेतली, पण दबावाखाली.

स्वेच्छानिवृत्ती कपातीत येत नाही. दबाव सिद्ध करायला त्याच काळातलं तुमचं लेखी निषेधपत्र लागतं. पैसे घेऊन चार वर्षांनी आलेल्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

मी अनुदानित शाळेत शिक्षिका होते.

शिक्षक कायद्याच्या अर्थानं "कामगार" नाहीत. खासगी शाळांसाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे, शाळा न्यायाधिकरणात अपील, मुदत फक्त ३० दिवस. परत घेणं शक्य नसेल तर दहा वर्षं किंवा जास्त सेवेला बारा महिन्यांचा आणि कमी सेवेला सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देण्याची तरतूद त्यातच आहे. पालिकेच्या प्राथमिक शाळा या कायद्यात येत नाहीत.

मी जिंकलो, खातं हायकोर्टात गेलं. आता पुन्हा दहा वर्षं?

कदाचित. पण उपाशी नाही. परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात गेला तर प्रकरण चालू असेपर्यंत शेवटचा घेतलेला पगार दरमहा मागता येतो, जुन्या कायद्यातलं कलम १७-बी. दुसरीकडे नोकरी नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. अर्ज आपण करावा लागतो, कोर्ट आपणहून देत नाही, आणि वकील कधीकधी विसरतात. पहिल्या तारखेलाच विचारा.

निवाडा पक्का होऊनही पैसे दिले नाहीत तर वसुली दाखला काढून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

वकिलाचा खर्च झेपत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगार, सगळ्या स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, हायकोर्टासाठी तिथल्या समितीकडे. "रकमेच्या तीस टक्के माझे" असा सौदा करणाऱ्या वकिलापासून दूर राहा. निकालातल्या वाट्यावर फी ठरवणं वकिलांच्या आचारसंहितेलाच मान्य नाही.

मिळालेल्या पैशांवर टॅक्स?

कायदेशीर कपातीच्या भरपाईवर सूत्राप्रमाणे येणाऱ्या रकमेपर्यंत, कमाल ५ लाखांपर्यंत सूट आहे. मागील पगार हा पगारच, तो करपात्र. पण कित्येक वर्षांची थकबाकी एका वर्षात आल्यानं वाढलेल्या कराला दिलासा मिळतो. त्याचा फॉर्म विवरणपत्र भरण्याआधी ऑनलाइन भरावा लागतो.

वडिलांची केस चालू असताना ते वारले. आता काय?

केस मरत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. वारसांनी मृत्युदाखला आणि नात्याचे कागद जोडून कोर्टात आपली नावं लावून घ्यायची. नोकरी परत मिळण्याचा प्रश्न उरत नाही, पण काढल्यापासून मृत्यूपर्यंतचा किंवा निवृत्तीच्या वयापर्यंतचा, जे आधी असेल तिथपर्यंतचा मागील पगार आणि त्यावर अवलंबून असलेली ग्रॅच्युइटी मागता येते. आईचं आणि भावंडांचं नाव एकाच अर्जात घ्या. पुढच्या तारखेआधी वकीलपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर नुसत्या त्या सह्यांसाठी तारीख पुढे जाते.